तेरावा

अंकाला मुखपृष्ठ नव्हतं. शेवटची चार पानंही नव्हती.
भद्रकालीत मुनाफभाईंच्या काट्यावर
अडीच किलोच्या गठ्ठ्यात तो निघाला.
मी म्हणाले, एवढा एकच द्या,
बाकीचं तुम्हीच ठेवा, पैसे गठ्ठ्याचे घ्या.

अकराव्या वर्षी वाचलेली गोष्ट.
खाली बारीक टायपात : मूळ स्पॅनिश कथेवरून. दि. रा. क्षे.
मूळ लेखकाचं नाव नाही, गावाचं नाही.
घंटा वाजवणारा मरतो,
त्याच्या बायकोला रात्री बारानंतर
आणखी एक ठोका ऐकू येतो.
ती जिना चढते. वर दोर नसतो.
एवढंच आठवत होतं, आणि हे वाक्य :
घंटा नारोशंकराच्या घंटेएवढी होती.

त्या वाक्यानं माझी चार वर्षं खाल्ली.
पंचवटीत मावशीकडे मुक्कामाला जायचं ठरलं
की मला ताप यायचा.
स्पेन कुठे आहे माहीत नव्हतं,
भूत कुठे आहे ते माहीत होतं.
रामकुंडापासून चार पावलांवर.

क्षे म्हणजे क्षेमकल्याणीच असणार,
नाशकात दुसरं क्षे कोण?
जुन्या डिरेक्टरीत सात निघाले.
पाच जणांनी मला विमेवाली समजून फोन ठेवला,
सहाव्यांनी श्राद्धाचे गुरुजी सुचवले.
सातव्या, जेल रोडच्या कुमुदिनीबाई, म्हणाल्या,
"दिनकर रामचंद्र? बाबा ते.
या ना. पण चारनंतर नको, नळाला पाणी येतं."

बाबा नोटांच्या छापखान्यात. आकडे तपासायचे.
दिवसभर नंबर, आणि रात्री
देवळालीच्या एका म्हाताऱ्या पाद्र्याकडून आणलेला शब्दकोश,
जो निम्मा वाळवीनं आधीच वाचलेला.
वहीत डावीकडे त्यांचे शब्द, उजवीकडे आपले.
एका शब्दासमोर : मध्यरात्र. खोडलेली.
उत्तररात्र. खोडलेली.
पहाट, कागद फाटेपर्यंत खोडलेली.
आणि खाली नुसतंच, माद्रुगादा, माद्रुगादा,
जसं पाहुण्याचं नाव नीट ऐकू आलं नाही
तर आपण ते मनाशी घोळवून बघतो.

मूळ गोष्टीचा पत्ता त्या वहीतही नव्हता.

मग गंगापूर धरणाकडे, द्राक्षाच्या मळ्यात
कलमं शिकवायला आलेला एक आनसेल्मो सापडला.
दुभाष्याकरवी त्याला सगळी सांगितली,
जिना, दोर, बाई.
म्हणाला, आमच्या गावात आहे अशी एक,
पण ठोके तीन,
आणि शेवटी घंटा गाढव वाजवत असतं.
हीच का ती? विचारलं.
त्यानं खांदे उडवले, वेलाची एक डोळस काडी
कापून माझ्या हातात दिली.

मी परत जेल रोडला. "तीनच होते," मी म्हणाले,
जणू कुणाची चोरी पकडली.
कुमुदिनीबाईंनी वही मागच्या बाजूनं उघडली.
तिसरा, असं लिहिलेलं होतंच, स्वच्छ अक्षरात.
त्यावर वेगळ्या शाईनं : तेरावा.
बाजूला तारीख.
"तेव्हा आईला जाऊन..." म्हणत
त्या बोटांवर दिवस मोजू लागल्या
आणि मधेच उठल्या. नळ आला होता.
मी बादल्या भरायला मदत केली.
गाढवाचं सांगायचं राहून गेलं.

काल शेवटी गेले घंटा बघायला. भर दुपारी.
तीही तिकडचीच, समुद्रापलीकडची,
वसईहून उचलून आणलेली,
आणि आता नारोशंकराचीच म्हणवून घेते.
बराच वेळ मान वर करून उभी राहिले.
खाली भेळवाल्याला विचारलं, ही वाजते का कधी?
"पूर आला की वाजते म्हणतात."
किती ठोके?
त्यानं कांदा चिरायचा थांबवला.
"मोजतं कोण, ताई.
आम्ही पळतो."